रापणीतलं धनुष्य

होड्या वाळूवर चढल्या की माझं डोकं फिरायला लागतं. जून लागतो, मासेमारी बंद होते आणि पुढचे दोन महिने समुद्राकडे कोणी ढुंकून बघत नाही. होड्यांवर पूर्वी नारळाची झापं घालायचे, आता निळी ताडपत्री बांधतात आणि वारा सुटला की ती दिवसभर फडफडत राहते. गावातल्या पुरुषांना हे दिवस फार आवडतात. जाळी दुरुस्त करायची, पत्ते कुटायचे, जेवून ताणून द्यायची. मला मात्र त्या ताडपत्रीचा आवाज कानात शिरला की कोणाशी तरी भांडावंसं वाटतं. कोणाशी, हेही मला नीट माहीत आहे. तो माणूस सध्या कुठल्या तरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये घाम गाळत असेल.

यंदा या चिडचिडीत बाळगोने भर घातली. बाळगो माझा मावसभाऊ. तो पर्यटकांना बोटीतून फिरवतो, त्यामुळे पावसाळ्यात तोही रिकामाच. आम्ही सात वर्षं मोबाईलवर एक गेम खेळतो. तलवारी, जादू, राक्षस असलेला. त्यात एक कॅरेक्टर घ्यायचं आणि ते वर्षानुवर्षं वाढवत न्यायचं. तर त्या गेमचा नवा सर्व्हर उघडतोय, असं बाळगोने फोन करून सांगितलं. म्हणजे कोरी करकरीत दुनिया. सगळे पहिल्या पायरीवर, कोणाकडे काहीच नाही. जुनी दुनिया बंद होणार नाही, पण तिथे माणूसही राहणार नाही, कारण सगळे नव्याकडे पळणार.

"ताय, आपूण पण नया कॅरेक्टर काढूया," तो म्हणाला. "पयल्यापासून. ह्या वेळेक चुकूचा नाय."

मी फोन ठेवून दिला. नव्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग आला तो 'चुकूचा नाय' या शब्दांचा. चूक कोणाची, हे बोलायचं त्याने टाळलं होतं. बाळगोचा स्वभाव गरीब आहे, तो टाळतो. सुधीरने टाळलं नव्हतं.

सुधीर माझा धाकटा भाऊ. माझ्याहून सात वर्षांनी लहान. चार वर्षांपूर्वी तो या गेममधून उठून गेला आणि परत आला नाही. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे 'जेवलास?' 'हो.' 'बरा आसस?' 'हो.' एवढंच. गेममधल्या आमच्या गटाच्या यादीत त्याचं नाव अजून आहे, करड्या अक्षरांत. मी जुनं कॅरेक्टर का सोडत नाही, याचं खरं कारण ते करडं नाव आहे. मी नव्या सर्व्हरवर गेले आणि तो एखाद्या दिवशी सहज डोकावला, तर तिथे त्याला कोण भेटणार? त्याने मला शोधायचं कुठे?

माझं दुकान मसुऱ्याच्या नाक्यावर आहे. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. सासर मसुऱ्याला, माहेर किनाऱ्यावर, मध्ये स्कूटरने अर्धा तास. जूनमध्ये दुकानात ॲडमिशनची झुंबड. आणि दर तीन माणसांमागे एकाचं तेच पालुपद, जुना पासवर्ड आठवत नाही, राहू दे तो, नवीनच काढ. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. परवा एक मुलगी आली, तिची तीन-तीन खाती होती आणि जातीचा दाखला नेमका कुठल्या खात्यात चढवला होता, ते तिला ठाऊक नव्हतं. मी तिला तासभर बसवून जुनं खातं उघडून दिलं. ती वैतागली, तिची आई वैतागली, रांग वैतागली. पण माझं म्हणणं असं की जे आहे ते शोधावं. दर वेळी नवीन काय काढायचं? आपण काय दर जूनला नव्याने जन्माला येतो?

हे सगळं मी कोणाला सांगते आहे कोण जाणे.

ती सात वर्षांपूर्वीची मासेमारीची बंदी मला अजून वासासकट आठवते. आमच्या घरामागे एक मांगर आहे. त्यात जुनी जाळी, दोर, वल्ही, फुटकी मडकी, आणि सगळ्याला सुकटाचा आणि ओल्या सुताचा मिळून एक वास. नेमकी त्या मांगराच्या दाराशीच मोबाईलला रेंज यायची. सुधीर आणि बाळगो दुपारी तिथे जाळ्यांच्या ढिगावर लोळत खेळायचे. मी माहेरी आलेली, फणसाच्या बिया सोलत बसलेली. त्यांना सारखं मरण यायचं. मग सुधीरच्या लक्षात आलं की आपल्याला एक वैद्य पाहिजे, जखमा भरून काढणारा. त्याला गेममध्ये हिलर म्हणतात. "ताय, तू कायच करू नको," तो म्हणाला. "आमच्या पाठी रव आणि औषध दी." मी हात पुसले आणि मोबाईल घेतला. त्या दिवशी बिया तशाच राहिल्या आणि आईने मला पस्तिशीला टेकल्यावर शिव्या घातल्या.

नावं आम्ही माशांची घेतली. सुधीर तीरंदाज, तो इसवण. बाळगो ढाल घेऊन पुढे राहणारा, तो बांगडो. माझं नाव सुधीरने कर्ली ठेवलं, कारण कर्लीत काटे फार. गटाचं नाव रापण.

रापण म्हणजे काय ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. होडीतून मोठं जाळं समुद्रात गोल फिरवून टाकतात, त्याच्या दोराची दोन टोकं किनाऱ्यावर येतात आणि मग सगळा वाडा मिळून ते ओढतो. पुरुष, बायका, पोरं, सगळे. मासे वाळूवर आले की त्यांचे वाटे पडतात. आमच्याकडे ते वाटे आप्पा घालायचे, म्हणजे आमचे वडील. काटा नाही, माप नाही, नुसत्या डोळ्यांनी. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. जो कमरेतून वाकत नाही असा म्हातारा नुसता येऊन दोर धरून उभा राहिला, तरी त्याला वाटा. घरी तापाने पडलेल्याचाही वाटा, शेजारणीच्या टोपलीत. त्यावरून कधी तंटा झालेला मी पाहिला नाही. मला त्या गोष्टीचा फार अभिमान होता. अजून आहे.

तर गेममध्ये राक्षस मारला की वस्तू पडतात. तलवार, काठी, चिलखत. एक वस्तू, माणसं तिघं. सुधीर म्हणाला, काय करायचं? मी मोठी बहीण, आप्पांची मुलगी, मी ताबडतोब निकाल दिला. नंबर लावायचे. आलटून पालटून. ज्याचा नंबर त्याची वस्तू. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅस संपल्याच्या तारखेखाली मी आमचे नंबर लिहायला लागले. कोणी आजारी असला, दर्यावर गेला, तरी त्याचा नंबर चुकवायचा नाही.

आणि त्यामुळे आमची जी काय दैना झाली! ढाल घेऊन लढणाऱ्या बाळगोला जादूची काठी मिळाली. मला, औषध देणारीला, दोन हातांनी उचलायची कुऱ्हाड. सुधीरला लांब झगा. एकदा घेतलेली वस्तू दुसऱ्याला देता येत नाही, असा त्या गेमचा नियम आहे, ती अंगाला चिकटते. तीन पावसाळे आम्ही खेळलो आणि आमच्यातलं कोणीच धड बळकट झालं नाही. त्या दुनियेच्या शेवटी एक समुद्रातली गुहा आहे आणि तिच्यात एक राक्षस. आमच्या मागून आलेली शाळकरी पोरं त्याला मारून पुढे गेली. आम्ही दर वेळी त्याच्या पायाशी मरून पडायचो.

मध्यंतरी नागपूरकडचे एक वकील आमच्यात आले होते. सज्जन माणूस. त्यांनी आठवडाभर पाहिलं आणि मग मला अगदी हळुवारपणे म्हणाले, ताई, असं करत नाहीत हो, ज्याचं जे काम त्याला ते द्यायचं असतं. मी त्यांना रापणीबद्दल व्याख्यान दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या नंबरला त्यांच्या वाट्याला परीचे पंख आले. दुसऱ्या दिवशी ते दिसले नाहीत.

पण मी खोटं कशाला बोलू, ते दिवस मला हवे आहेत. मेलेला राक्षस पुन्हा उगवायला वीस-वीस मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ आम्ही कानाला हेडफोन लावून बोलत बसायचो. सुधीर घरात तोंड उघडायचा नाही, तिथे उघडायचा. जहाजावर जाणार हे त्याने आईला सांगण्याआधी मला सांगितलं ते तिथे, एका पुलावर उभं राहून वाट बघताना. तो एकदा परीक्षेत नापास झाला होता आणि निकालाच्या दिवशी मालवणच्या जेटीवर चार तास बसून राहिला होता, हेही मला तिथेच कळलं, इतक्या वर्षांनी. मी मोबाईलकडे बघत औषध देत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं. समोरासमोर असतो तर त्याने हे कधीच सांगितलं नसतं.

मग ते धनुष्य पडलं.

सुधीर दोन वर्षं त्याची वाट बघत होता. हजारात एखाद्या वेळी पडणारं, निळसर, शंखाच्या मुठीचं. तो जहाजावर जायला सहा दिवस होते. दुपार होती, आम्ही तिघेही मांगरात होतो, आणि ते पडल्याबरोबर सुधीर जाळ्यांवरून उडी मारून उठला. मी घरात जाऊन कॅलेंडर पाहिलं. नंबर बाळगोचा होता.

बाळगो लगेच म्हणाला, त्याला दे, माझ्या काय कामाचं? मी नाही म्हटलं. मला आजही माझा तो आवाज ऐकू येतो, शाळेतल्या बाईंसारखा. आज तू सोडलास तर उद्या मी सोडायचं, मग नंबर कशाला लावले? सुधीर माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मी थट्टा करत नव्हते. मी गटाची प्रमुख, वाटण्याचं बटण माझ्याकडे. मी ते दाबलं आणि धनुष्य बांगड्याच्या अंगाला चिकटलं. ढाल धरणाऱ्याला धनुष्य ताणताच येत नाही. ते आजही त्याच्या पाठीला शोभेला लटकलेलं आहे.

सुधीरने मोबाईल खिशात टाकला आणि पावसात छत्री न घेता बाहेर गेला. सहा दिवसांत पाच वेळा मी त्याला जेवायला वाढलं. स्टेशनवर निघताना मी म्हटलं, अरे गेम आहे तो. तेव्हा तो फक्त एवढंच म्हणाला की मग द्यायचं होतंस.

चार वर्षं मी त्याला मनातल्या मनात उत्तरं देते आहे. नियम म्हणजे नियम. तू धाकटा म्हणून तुला वेगळा न्याय? बाळगो परका आहे का? सगळी उत्तरं बरोबर आहेत आणि त्यांचा काडीचा उपयोग नाही. आणि तरी मी काय करत राहिले? दर खेळात सुधीरचा नंबर आला की त्याची वस्तू कोणाच्या अंगाला चिकटू न देता बाजूला काढून ठेवत राहिले. तापाने पडलेल्याचा वाटा. गेममधल्या आमच्या गटाच्या सामाईक पेटीत चार वर्षांचं सामान साठलं आहे त्याच्या नावाने. झगे, बूट, कुऱ्हाडी. त्यातलं त्याच्या उपयोगाचं फारसं काही नाही, हे मला पेटी उघडल्यावर दरवेळी दिसतं आणि मी ती मुकाट बंद करते.

बाळगोच्या फोननंतर तीन दिवसांनी नवा सर्व्हर उघडला. मी दुकानात, दुपारच्या सामसुमीत, कोणाला न सांगता एक नवं कॅरेक्टर काढून पाहिलं. काय सांगू? गावाच्या वेशीवर एक म्हातारा उभा. तो म्हणतो, हे वीरा, दहा उंदीर मारून आण. सात वर्षं झाली मला या दुनियेत, ड्रॅगनच्या तोंडातून माणसं ओढून काढली आहेत मी आणि मी उंदीर मारू? मारले. मग म्हणतो पाच अळंबी आण. मला ना धड पळता येत होतं ना कोणाला बरं करता येत होतं. उंदराने चावून मला दोनदा मारलं. मी चिडून ते कॅरेक्टर पुसून टाकलं आणि जुन्यात गेले. तिथे बंदरावर, जिथे पूर्वी पाय ठेवायला जागा नसायची, एक काळं कुत्रं नाही. कर्ली एकटी धक्क्यावर उभी, मागे समुद्राचा तोच तो आवाज. इथे करमेना, तिथे जमेना. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि माहेरी गेले.

आप्पा मांगराच्या दारात बसून जाळं विणत होते. रापण आता वर्षातून चार-पाच वेळा लागली तर लागते, ओढायला माणसं नाहीत आणि जाळ्यात मासेही नाहीत. तरी ते विणतात. मी त्यांच्याजवळ बसले आणि काय सुचलं कोण जाणे, त्यांना सगळं सांगितलं. गेम म्हणजे काय इथपासून. सुधीर का बोलत नाही, त्याचं कारण घरात आजवर कोणालाच माहीत नव्हतं. मला वाटलं होतं आप्पा माझी पाठ थोपटतील. त्यांचाच नियम मी पाळला होता.

त्यांनी सुई थांबवली.

"धनुष्य म्हंजे मासो काय गो?"

मला कळलं नाही. मग त्यांनी कोपऱ्यातल्या वल्ह्याकडे हनुवटीने खूण केली.

"वाटे माशांचे घालतत. वल्ह्याचे कोण घालता? ज्येका वल्हवूक येता, तेच्या हातात दितत. नायतर होडी जातली खंय?"

एवढं बोलून ते पुन्हा विणायला लागले. मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. आधी त्यांचा, मग माझा. जन्मभर मी वाळूवर उभी राहून वाटे पडताना पाहिले. होडीत कोण बसतं, जाळं कोण टाकतं, हे ठरताना मी कधी पाहिलंच नव्हतं. मुलींना होडीत घेत नसत. मी नियम पाठ केला होता, पण अर्धाच. आणि त्या अर्ध्या नियमावर चार वर्षं सख्खा भाऊ तोडून बसले होते.

तिथेच, दारातल्या रेंजमध्ये, मी सुधीरला लिहिलं. क्षमा वगैरे मला लिहिता येत नाही. मी लिहिलं की नवा सर्व्हर उघडला आहे, येतोस का. हल्ली जहाजावरही नेट असतं. तासाभराने उत्तर आलं, आवाजात.

तो पहिल्याच दिवसापासून तिथे होता. नवं कॅरेक्टर, पुन्हा तीरंदाजच, काहीतरी इंग्रजी नाव, ज्याला माशाचा वासही नाही. त्याचे जहाजावरचे दोन मित्र आणि कोल्हापूरची एक मुलगी, असा गटही झालेला. म्हणजे मी इकडे जुन्या बंदरावर त्याची वाट बघत उभी, आणि हा केव्हाच नव्या गावात घर मांडून बसलेला. मी मोबाईल फेकणारच होते. पण निरोप पुढे होता. तो म्हणाला, "माका वाटो नको होतो गो. माका धनुष्य व्हया होता." आणि मग लगेच, घाईने, नेहमीच्या आवाजात, की ये, पण हिलर नको, हिलर आहे आमच्याकडे, तू दुसरं काहीतरी घे.

सात वर्षं मी हिलर. आणि हिलर आहे म्हणे.

मी ढाल घेतली. पुढे उभं राहून मार खाणारीचं काम. मला ते अजिबात येत नाही. उंदीर पुन्हा मारले, अळंबी पुन्हा आणली, बाळगोही आला आणि त्याने यावेळी जादूची काठी घेतली, कारण त्याला मुळात तीच आवडायची, हे त्याने सात वर्षं सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी आम्ही सगळे मिळून एका मोठ्या खेकड्यावर गेलो. मी पुढे. मागे सरकण्याची इतकी सवय की मी दोनदा पाठ फिरवली आणि दोन्ही वेळा मेले. कोल्हापूरची मुलगी मला पुन्हा पुन्हा उठवत होती. सुधीर हसत होता. ते हसणं ऐकून मला बरंही वाटत होतं आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटत होती.

खेकडा शेवटी पडला, मीही त्याच्याबरोबर तिसऱ्यांदा पडले. वाळूवर एक धनुष्य आलं. साधंच, लाकडी, अशी रोज पडतात. कोल्हापूरच्या मुलीने विचारलं, कोण घेणार? सुधीर सगळ्यात जवळ उभा होता. त्याने हात लावला नाही. हेडफोनमध्ये त्याच्या जहाजाच्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

"नंबर कोणाचो, ताय?" त्याने विचारलं. थट्टेने की खरंच, ते मला आवाजावरून कळलं नाही.

"तुझोच," मी म्हटलं. "चार वर्सां झाली, तुझोच नंबर आसा."